शिकायला की हिंडायला?

(एस. वाय. बी. ए., मराठी)

गेल्या वर्षी मराठी विभागाची शैक्षणिक सहल मुंबईला निघाली, तेव्हा वर्गणीचे पैसे मागण्यासाठी मी वडिलांपुढे उभी राहिले. माझे वडील कंदर भागातील केळीच्या बागांत घड वाहण्याचे काम करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. 'शैक्षणिक सहल' हा शब्द त्यांनी नीट ऐकून घेतला आणि विचारले, "शिक्षण हाय का सहल हाय? एक काय ते सांग." मला उत्तर देता आले नाही. पैसे त्यांनी दिले, पण देताना पुन्हा म्हणाले, "शिकाय चाललीस का हिंडाय, ते तुझं तुला ठावं पायजे."

मुंबईत दोन दिवस हिंडताना हा प्रश्न माझ्याबरोबर हिंडत होता. परत आल्यावर मी आपल्या ग्रंथालयात बसून एकच गोष्ट शोधू लागले. आपल्यातील जी माणसे शिकण्यासाठी दूरदेशी गेली, त्यांनी तिथे वर्गाबाहेर काय पाहिले? नाटक-सिनेमा पाहिला का? चित्रे पाहिली का? रस्त्यांवरून उगाच फिरली का? आणि घरून मोजके पैसे येत असताना हे त्यांना परवडले कसे? हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे. विद्वत्तेचा आव मी आणीत नाही.

सर्वांत आधी अर्थातच आनंदीबाई जोशी. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातील त्यांचे पहिले वर्ष पुरे होत होते, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, म्हणजे आज मी आहे तेवढ्या. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली आहे आणि २०१९ सालचा चित्रपटही पाहिला आहे. त्यांच्या पदवीबद्दल आणि अकाली मृत्यूबद्दल सगळे बोलतात. मला मात्र त्यांच्या चालण्याबद्दल बोलायचे आहे. निघण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे त्यांनी एक जाहीर भाषण केले. मुंबईत असताना हातात पुस्तके आणि पायात बूट घालून शाळेत जाताना लोक कसे हसत, खडे मारीत, दुकानदार थुंकत आणि अचकटविचकट हावभाव करीत, हे त्यांनी त्यात सांगितले. म्हणजे अमेरिका लांबच राहिली, मुंबईच्या एका रस्त्याने सरळ चालत जाणे हीच त्यांची पहिली परीक्षा होती. पुढे अमेरिकेच्या थंडीत नऊवारीचा निभाव लागेना, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. परक्या गावात कसे चालायचे, काय नेसून चालायचे, लोक पाहत असताना नजर कुठे ठेवायची, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नसते. एस. टी. स्टँडपासून महाविद्यालयापर्यंत रोज चालणाऱ्या मुलींना ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

'अपूर्वाई' मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. १९५८ साली पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि त्यावर त्यांनी लिहिलेले ते पुस्तक कोणाला आवडत नाही? परंतु पु. ल. तेव्हा नावाजलेले लेखक होते. 'शिकायला का हिंडायला' असे त्यांना विचारण्याची कोणाची छाती झाली असती?

धुंडिराज गोविंद फाळके यांना मात्र विचारले गेले असणार. फाळक्यांना आपण 'चित्रपटाचे जनक' म्हणून ओळखतो. मला त्यांच्यात विद्यार्थी दिसतो, आणि तोही एक्केचाळीस वर्षांचा. गिरगावातील तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखमालेत त्यांनी त्याची हकीकत स्वतःच सांगितली आहे. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या येऊ लागली. त्यानंतर त्यांना चित्रपट पाहण्याचे वेडच लागले. रोज पाहायचा, घरी येऊन विचार करायचा, पुन्हा पाहायचा. डोळ्यांवर एवढा ताण पडला की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. आता आपल्या आळीतील कोणी असा वागला असता तर लोक काय म्हणाले असते? नोकरी-धंदा सोडून रोज सिनेमाला जाणारा बापय! आमच्याकडे अशा माणसाला मुलगी देत नाहीत.

मग विमापॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा. ओळखीचे कोणी नाही. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ आत शिरले आणि संपादकांना आपला बेत सांगितला. संपादकांनी प्रथम त्यांना या धंद्यात पडू नका असेच बजावले. पण शेवटी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे ओळख करून दिली. हेपवर्थचा स्टुडिओ वॉल्टन येथे होता. तिथे फाळक्यांनी काम कसे चालते ते पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी केले आणि ते परतले. लंडनमध्ये माणसे टॉवर पाहतात, राजवाडा पाहतात. यांनी यंत्र पाहिले. दोन आठवड्यांत त्यांनी जे पाहिले त्यावर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

इथवर आपल्याला ठाऊक असते. परंतु वाचता वाचता मी थांबले ती सरस्वतीबाईंपाशी. फाळके लंडनला गेले, सरस्वतीबाई गेल्या नाहीत. त्यांनी दागिने विकायला काढून दिले. नवरा परत आल्यावर त्या कच्च्या फिल्मला भोके पाडायला शिकल्या, फिल्म धुण्याची रसायने तयार करायला शिकल्या, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायला शिकल्या. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. लंडनला एकच जण गेला, पण विद्या दोघांना आली. बाईमाणूस चित्रपटात काम करायला तयार होईना, म्हणून तारामतीचे काम हॉटेलात नोकरीला असलेल्या साळुंके नावाच्या तरुणाला करावे लागले. आणि त्याच वेळी पडद्यामागे एक बाई हे सगळे शिकून बसली होती! चित्रपटाच्या इतिहासात या गोष्टीला जेवढी जागा मिळते त्याहून ती मोठी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे 'कालियामर्दन' या १९१९ च्या चित्रपटात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने बाळकृष्णाचे काम केले. सहा वर्षांत एवढा फरक पडला.

सहलीत आम्ही दादर पूर्वेला उतरलो. स्टेशनबाहेरच्या रस्त्याला दादासाहेब फाळक्यांचे नाव आहे. 'राजा हरिश्चंद्र'चे काम याच रस्त्यावरील त्यांच्या बिऱ्हाडी चालले होते. तिथून हिंदू कॉलनीत चालत जाता येते, आणि हिंदू कॉलनीत 'राजगृह' आहे. लंडन पाहून आलेल्या दोन माणसांची घरे एवढी जवळ असतील, हे मला नकाशा पाहूनही लक्षात आले नव्हते. पायांना लक्षात आले. एक घर चित्रपटासाठी वापरले गेले, दुसरे पुस्तकांसाठी बांधले गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले तेव्हा बावीस वर्षांचे होते. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती, दरमहा साडेअकरा पौंड. घरी रमाबाई आणि कुटुंब. अशा विद्यार्थ्याने न्यूयॉर्क कसे पाहावे? जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनी सुमारे २,००० पुस्तके जमवली, असे चरित्रकार सांगतात. हेच त्यांचे शहर पाहणे. पुढे लंडनच्या दुसऱ्या मुक्कामात, १९२० नंतर, ते सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात शिरत आणि ते बंद होईपर्यंत बाहेर पडत नसत. रात्री अभ्यास करताना भूक लागली की ओळखीच्या कोणी दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून खात. लंडनसारख्या शहरात रात्री पापड भाजल्याचा वास! मला ब्रिटिश म्युझियम डोळ्यांपुढे आणता येत नाही, पण तो वास येतो.

हे वाचून आधी मला अपराधी वाटले. वाटले, वडिलांचा प्रश्न इथे निकालात निघाला. गरिबाच्या मुलाने हिंडू नये, वाचावे. आमच्या एका सरांनीही वर्गात जवळजवळ असेच सांगितले. परंतु नंतर 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने बाबासाहेबांनी लिहून ठेवलेल्या आठवणी वाचल्या आणि मला सरांचे म्हणणे अपुरे वाटू लागले. त्यांत ते सांगतात की, युरोप-अमेरिकेतील वास्तव्यामुळे आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. हे कोणत्या पुस्तकाने केले? अर्थशास्त्राच्या पुस्तकाने नव्हे. हे त्या शहराने केले. कोणत्याही दुकानात शिरता येते, कोणत्याही बाकावर बसता येते, खानावळीत शेजारचा माणूस उठून जात नाही, हे रोज, वर्षानुवर्षे, पायांनी आणि हातांनी शिकावे लागते. पदवीच्या कागदावर त्याचा उल्लेख नसतो.

आणि पुढे काय झाले तेही तिथेच लिहिले आहे. १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत दुसऱ्या नावाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचे काही तास कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून राहिला. बागेत लोक हिंडायला जातात. त्या संध्याकाळीही तिथे लोक हिंडायला आले असतील. एकाच बागेत काही जण हिंडत होते आणि एक जण, जायला दुसरी जागा नाही म्हणून, बसला होता. याच वर्षी इंग्लंडहून येणारे त्यांचे सामान पुस्तकांसह समुद्रात बुडाले, कारण महायुद्धात ते जहाजच बुडवले गेले. पुस्तके पुन्हा जमवता आली आणि त्यांनी ती जमवली. 'राजगृह' त्यासाठीच बांधले. पण कोणत्याही बाकावर बसण्याची ती सवय न्यूयॉर्कहून कोणत्या जहाजाने आणायची होती?

हा विचार डोक्यात असतानाच मला काळा घोड्याजवळच्या जहांगीर कलादालनातला माझा प्रसंग पुन्हा आठवला. सहलीच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला तिथे सोडले आणि सांगितले, तासाभराने बाहेर या. हे कलादालन १९५२ पासून आहे आणि तिथे तिकीट नाही. तिकीट नाही हेच मला कळेना. मी आणि माझी मैत्रीण दहा मिनिटे पायऱ्यांवरच उभ्या राहिलो. तिकीट असते तर बरे झाले असते. पैसे दिले की आत जाण्याचा हक्क मिळतो. फुकट असलेल्या जागी आपण कोणाच्या हक्काने जायचे? शेवटी शाळेची काही लहान मुले गडबड करीत आत गेली, त्यांच्या मागून आम्हीही गेलो. कोणी काही विचारले नाही. आत पांढऱ्या भिंतींवर चित्रे होती. बरीचशी मला समजली नाहीत, हे इथे प्रामाणिकपणे लिहिते. एका चित्रात नुसता तांबडा आणि काळा रंग होता. मला त्यात उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे गेल्यावर उघडी पडणारी जमीन दिसली. चित्रकाराच्या मनात ते असेल असे नाही.

चित्रकारांत शिकायला परदेशी गेलेले म्हणून मी सय्यद हैदर रझा यांच्याविषयी वाचले. मध्य प्रदेशातील जंगलाकडच्या खेड्यात वाढलेला मुलगा नागपूरच्या चित्रशाळेत शिकला, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये. १९४८ साली काश्मीरमध्ये त्यांना आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार भेटले. तुमच्या चित्रांत रंग आहे पण बांधणी नाही, घराला जसा पाया आणि भिंती लागतात तशी चित्रालाही लागतात, सेझानची चित्रे पाहा, असे त्यांनी सांगितले. सेझानची चित्रे पाहायची तर जायचे कुठे? रझा फ्रेंच भाषा शिकले, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले. त्यांच्या बाबतीत संग्रहालयात हिंडणे हाच अभ्यासक्रम होता. त्याच वर्षी कलकत्त्याच्या एका जाहिरात कंपनीने सत्यजित राय यांना लंडनला पाठवले होते. काही महिन्यांत त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले आणि 'बायसिकल थीव्ह्ज' पाहून आपण काय करायचे हे ठरवले. कंपनीने पाठवले होते जाहिराती शिकायला! आमच्या वडिलांच्या भाषेत सांगायचे तर पोरगं शिकाय गेलं आणि हिंडून आलं. 'पथेर पांचाली' त्यातून झाला.

रझांची आणखी एक गोष्ट सांगते. लहानपणी त्यांचे लक्ष वर्गात लागत नसे, म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. पॅरिसमध्ये पंचवीसएक वर्षे काढल्यावर तो ठिपका त्यांच्या चित्रांत 'बिंदू' म्हणून आला आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली. पॅरिसला जाऊन त्यांना खेड्यातल्या शाळेची भिंत दिसली. जाण्याआधी ती दिसत नव्हती का? दिसत असेलही. पण तिचे चित्र होते हे दिसत नसावे.

आम्हा जेऊरकरांना हे कळायला फार लांब जायला नको. नागराज मंजुळे आपल्या जेऊरचे. 'पिस्तुल्या' हा लघुपट त्यांनी नगरला (आताच्या अहिल्यानगरला) संज्ञापनाचा अभ्यासक्रम करीत असताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे विद्यार्थी असतानाच. जेऊरच्या पोराला नगर हाही एके काळी परदेशच होता. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या गल्लीतील माणसे टेम्पो करून पाहायला गेली होती. पडद्यावर आपल्याच तालुक्यातील माळ, विहिरी, केळी आणि ऊस पाहून लोक ओरडत होते. रोज ज्या रस्त्याने शेळ्या नेतो त्याच्याकडे सगळे असे पाहत होते, जणू पहिल्यांदाच दिसला.

त्या वेळी मला गाणी तेवढी आवडली. या वर्षी पुन्हा पाहिला तेव्हा हैदराबादचा भाग लक्षात राहिला. बुलेट चालवणारी, कोणालाही न भिणारी आर्ची त्या शहरात प्रथम रडकुंडीला येते. भाषा कळत नाही, वास सहन होत नाही. मग ती कामाला जाते, तेलुगू शिकते. तिला कोणी शिष्यवृत्ती दिलेली नाही, आणि ती हिंडायलाही गेलेली नाही; जीव वाचवायला गेली आहे. शहर तिला सगळे शिकवते आणि तरीही गावाचे हात तिथपर्यंत पोचतात. बडोद्याच्या बागेपाशी मला हीच गोष्ट आठवली होती. म्हणून मुलीला शहरात पाठवताना आईवडिलांच्या पोटात जे भय असते त्याला मी आता नुसता अडाणीपणा म्हणत नाही. पूर्वी म्हणत असे.

मुंबईहून परत आले त्या रात्री वडिलांनी 'काय शिकलीस' असे विचारले नाही. "काय बघितलंस?" असे विचारले. मी कलादालनातील पायऱ्यांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मीबी एकदा बाजार समितीच्या आफिसात असाच भाइर हुबा हुतो. कुनी आडिवलं न्हवतं."

मागील महिन्यात मी मोबाइलवर आईला 'कालियामर्दन'चा तुकडा दाखवला. चित्रपट मुका आहे हे तिला आधी पटेना. मोबाइल बिघडला असे वाटून तिने तो दोनदा हलवला. मग बाळकृष्ण आला. मी सांगितले, ही मुलगी आहे, ज्याने सिनेमा काढला त्याचीच. आई खुरपून आली होती, हात अजून मातीचे होते. ती वाकून पाहू लागली. "पोरगी हाय ही?" ती म्हणाली. "आन् तिला कुनी शिकिवलं?"

मी तिला सरस्वतीबाईंची गोष्ट सांगितली. भोके पाडण्याचे काम तिला चटकन समजले. चादर धरण्याचे काम समजायला थोडा वेळ लागला, तेव्हा तिने स्वतःच दारातल्या उन्हात पदर धरून पाहिला.

या वर्षीची सहल पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात नेण्याचा विचार आहे असे समजते. वर्गणीचा कागद माझ्या पिशवीत आहे. त्यावर 'शैक्षणिक सहल' असेच छापले आहे. घरी अजून दाखवलेला नाही. मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे.